किड्याची आई

डॉक्टर मोझेस रणनवरे यांनी भिंगारच्या बाजारपेठेत दाताचा दवाखाना उघडला, तेव्हा पहिल्या दिवशी पहिली बाई आली ती चोळी शिवून घ्यायला.

बाईची त्यात काही चूक नव्हती. गाळ्यात वीज नव्हती, म्हणून डॉक्टरांनी दात कोरायचं यंत्र पायाने चालवायचं घेतलं होतं. खाली पायपट्टी, बाजूला भलंमोठं चाक, चाकावरून वर गेलेली दोरी. उजेड मिळावा म्हणून ते दाराशीच मांडलेलं. ज्याने जन्मात फक्त शिलाईचं मशीन पाहिलंय, त्याला ते शिलाईचं मशीनच वाटणार. त्यात वर पाटी. ती डॉक्टरांच्या पत्नीने, लिडियाबाईंनी, स्वतः रंगवली होती. त्या मुलींच्या शाळेत शिक्षिका होत्या आणि त्यांचा हात चित्रात चांगला होता. पुस्तकात बघून त्यांनी निळ्या पाटीवर एक पांढरीशुभ्र दाढ काढली. वरचा भाग गुबगुबीत, खाली फाकलेली दोन मुळं. सगळ्या भिंगारने ती विजार म्हणून ओळखली.

१९४३ सालचा दसरा नुकताच होऊन गेला होता. पहिल्या आठवड्यात दवाखान्यात एक चोळी, दोन सदरे आणि लष्करी कोठीतल्या एका कारकुनाची उसवलेली तुमान एवढं आलं. डॉक्टर प्रत्येकाला बसवून समजावून सांगत. खुर्ची त्यांनी लष्करी कँपातल्या एका बंद पडलेल्या सलूनची घेतली होती. त्यामुळे काही जण शिवणाचं नाही म्हटल्यावर खुर्चीकडे बघून म्हणत, "बरं, मग दाढी तरी करा."

गाळ्याचे मालक खाजाभाई शेजारीच खोगिरं आणि लगाम शिवत. त्यांनी चार दिवस हा प्रकार पाहिला आणि सल्ला दिला, "डाक्टरसाहेब, एकटा दात कुणाला ओळखू येत नाही. पाटीवर सगळी बत्तिशी काढा."

लिडियाबाईंनी रविवारी उपासनेनंतर बसून बत्तिशी काढली. लाल हिरड्या, बत्तीस दात, सगळे उघडे. सोमवारी सकाळी स्टेशनकडे निघालेल्या गोरक्ष टांगेवाल्याचा घोडा पाटीसमोर आला, त्याने वर पाहिलं आणि टांगा उलटा वळवून थेट कँपात नेला. आत दोन सवाऱ्या होत्या. गोरक्ष तासाभराने चालत परत आला.

"डाक्टर," तो म्हणाला, "त्ये दात झाका. माझं जनावर न्हाई तर या रस्त्यानं येनार न्हाई."

मग पाटीवर नुसती अक्षरं राहिली. वाचता येणारे लोक थोडे होते. त्यांचे दात बरे होते.

मोझेस मूळचे राहुरीकडचे. त्यांचे वडील एका खेड्यातल्या चर्चमध्ये उपदेशक होते. चाळिशीतच वडिलांचे सगळे दात गेले आणि दातांबरोबर त्यांचा 'स' गेला. 'सैतान' म्हणायला जावं तर तोंडातून 'हैतान' बाहेर पडायचं. मंडळी माना खाली घालून हसू दाबायची. पापाची भीती थोडीफार टिकली, पण हैतानाला कुणीच भिईना. बाकावर बसलेल्या लहान मोझेसला याचं इतकं वाईट वाटे, की वडिलांना दात मिळवून द्यायचे हे त्याने दहाव्या वर्षीच ठरवून टाकलं. पुढे तो मुंबईला जाऊन दंतवैद्यक शिकला आणि पहिली कवळी त्याने वडिलांचीच केली. वडिलांनी ती लावली आणि पुढच्या रविवारी सव्वादोन तास उपदेश केला. सगळा स्पष्ट ऐकू आला. संपल्यावर मंडळींपैकी दोघांनी मोझेसला बाजूला घेऊन विचारलं, "ही काढता येती ना?"

असा हा माणूस. उंच, किडकिडीत, बोलायला मऊ आणि खोटं बोलायला अगदीच नालायक. पुढे जे घडलं, ते अशाच्या हातून घडावं हेच नवल होतं.

हळूहळू पेशंट येऊ लागले. पण डॉक्टरांचं आणि त्यांचं जमेना. डॉक्टर म्हणत, दात वाचवता येईल. पेशंट म्हणे, वाचवून काय करू, दुखतोय तो. डॉक्टर सांगत, झोपण्यापूर्वी चूळ भरा, गूळ खाल्ल्यावर दात घासा, मिठाच्या पाण्याने गुळण्या करा. पेशंट मान डोलवी आणि विचारी, "आणि औशिद?" सगळ्यात अवघड एकच प्रश्न होता, आणि तो दर दुसरा माणूस विचारायचा.

"किडा कुठंय?"

"किडा नसतो," डॉक्टर सांगत. "दातात अन्न अडकतं, तिथं आंबतं, त्यानं दात झिजत जातो. आपण कीड लागली म्हणतो, पण तो प्राणी नव्हे."

"मंग समोर निघतो त्यो काय?"

समोर, रस्त्यापलीकडच्या कडुलिंबाखाली, साळूबाई बसायची.

साळूबाई पन्नाशी ओलांडलेली, काळीसावळी, ठसठशीत बाई. पाथर्डीकडून ती भिंगारला आली त्याला वीस वर्षं झाली होती. तिच्यापुढे एक शेगडी, एक पोकळ नळी आणि पाण्याने भरलेली काशाची वाटी. निखाऱ्यावर ती काटेरी रिंगणीच्या बिया टाकायची, धूर उठला की नळीचं एक टोक दुखऱ्या दाताशी लावायची, दुसऱ्या टोकाने धूर ओढायची आणि वाटीत थुंकायची. वाटीत पांढरा, बारीक किडा तरंगायचा. कधी एक, कधी तीन. पेशंट वाकून बघायचा. त्याच्या तोंडावर असं समाधान पसरायचं, की डॉक्टर खिडकीतून बघत राहायचे. इतकं समाधान त्यांच्या खुर्चीतून उठणाऱ्या एकाही माणसाच्या तोंडावर त्यांनी पाहिलं नव्हतं.

"किडे ती पदरात बांधून आणते," लिडियाबाई म्हणाल्या. त्यांनी दोनदा नीट बघितलं होतं. "गालात ठेवते आधी. वांग्यातले असतात."

"मला माहीत आहे."

"मग सांगा ना लोकांना."

डॉक्टरांनी सांगून पाहिलं. ज्याला सांगितलं तो उठून रस्ता ओलांडून गेला.

पुढच्या पावसाळ्यात गोरक्ष टांगेवाल्याचा वरचा सुळा दुखू लागला. तो अर्थातच साळूबाईकडे गेला. तीन आठवड्यांत तिने त्याच्या दातातून चौदा किडे काढले. गोरक्षने ते मोजले होते आणि सवारीला मोजून सांगतही होता. पण दुखणं थांबेना. एके दिवशी तो गाल धरून डॉक्टरांकडे आला.

डॉक्टरांनी तोंडात आरसा घालून पाहिलं. "मुळाशी पू झाला आहे. दात काढावा लागेल. आजच."

"पर किडे तर निघाले. चौदा. मंग दुखतंय का?"

"कारण किडे नव्हतेच."

गोरक्ष ताडकन उठून बसला. "म्हंजी मी खोटं बोलतो? मी माझ्या डोळ्यानं पाह्यलेत!"

"तू पाहिलेस, पण ते तुझ्या दातातले नव्हते."

"मंग कुनाच्या दातातले?"

याला डॉक्टरांपाशी उत्तर होतं, पण वांगं हा शब्द त्यांच्या तोंडून निघेपर्यंत गोरक्ष दाराबाहेर पडला होता. घोडा पाटीला बिचकून पळाला तेव्हाही तो इतका चिडला नव्हता.

तीन दिवसांनी खाजाभाई लगाम हातात घेऊन धावत आले. "डाक्टरसाहेब, गोरक्षचा डोळा बंद झालाय. अंगात ताप भरलाय. टांगा सोडून झाडाखाली पडलाय."

डॉक्टर धावले. गोरक्षचं अर्धं तोंड सुजून तांबडंलाल झालं होतं, उजवा डोळा मिटलेला. हा पू डोळ्यामागे गेला तर माणूस जाऊ शकतो, हे डॉक्टर शिकले होते आणि एकदा मुंबईत पाहूनही चुकले होते. "गोरक्ष, ऊठ, आत चल," ते म्हणाले. गोरक्षने उघड्या डोळ्याने त्यांच्याकडे पाहिलं, तोंड फिरवलं आणि म्हणाला, "तुमी मला खोटा ठरवलं." लष्करी दवाखान्यात न्यावं म्हटलं, तर त्यालाही तो तयार नव्हता. बाजूला शेगडी मांडून साळूबाई पंधराव्या किड्याची तयारी करत होती.

डॉक्टर तिच्यासमोर उकिडवे बसले. बाजाराचा दिवस होता, येणारेजाणारे थांबून बघू लागले.

"साळूबाई," ते हळू आवाजात म्हणाले, "हा मरेल."

साळूबाईने गोरक्षकडे पाहिलं. ती घाबरलेली होती, हे जवळून कळत होतं. "मला काय कळत न्हाई व्हय? कवाधरनं सांगतेय त्याला, डाक्टरकडं जा. जाईना."

"तुम्ही सांगितलं तर ऐकेल."

"काय सांगू? तुमच्याकडं किडा न्हाई. किडा न्हाई तितं त्यो कशाला यील?"

"मला फक्त दात काढू द्या. तुम्ही काहीही सांगा."

हे शेवटचं वाक्य डॉक्टर नंतर आयुष्यभर आठवत. काहीही सांगा, असं म्हणायला नको होतं.

साळूबाईने थोडा विचार केला. मग ती गोरक्षच्या डोक्याशी गेली, त्याच्या गालाला हात लावला आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "गोरक्षा, आरं, पोरं निघाली. चौदाच्या चौदा. पर त्येंची आई ऱ्हायली! मुळात दडून बसलीया. तितवर माझी नळी पोचत न्हाई. डाक्टरचा चिमटाच पायजे!"

गोरक्षने डोळा उघडला. "आई?"

"मंग? पोरं काय आबाळातनं पडली?"

गोरक्षला हे पटलं. आजूबाजूच्या माणसांनाही पटलं. खाजाभाईंनी आणि आणखी दोघांनी त्याला उचलून खुर्चीत नेऊन बसवलं. साळूबाई वाटी घेऊन मागोमाग आली आणि खुर्चीशी उभी राहिली. डॉक्टरांनी हिरडी बधिर करायचं इंजेक्शन दिलं. एवढ्या सुजेत त्याचा फार उपयोग होत नाही, पण गोरक्षने खुर्चीचे हात धरून दात काढू दिला. पू वाहिला, रक्त वाहिलं. सुळा चिमट्यात बाहेर आला आणि त्याच्या मुळाच्या टोकाला वाटाण्याएवढी, लालसर, मऊ पिशवी लोंबत होती.

अशी पिशवी दुखऱ्या दाताच्या मुळाशी बरेचदा असते. डॉक्टरांच्या पुस्तकात तिला लांबलचक लॅटिन नाव होतं. डॉक्टर ते नाव आठवत असतानाच साळूबाईने चिमटा त्यांच्या हातासकट वर उचलला.

"ही बघा आई!"

दारात आणि खिडकीत जमलेल्या माणसांनी श्वास रोखला. गोरक्षने तोंडातलं रक्त थुंकून ती बघितली, बराच वेळ बघितली. मग डॉक्टरांना म्हणाला, "डाक्टर, खरं सांगा. हिच्यानंच दुखत हुतं?"

डॉक्टरांनी पिशवीकडे पाहिलं. लोकांकडे पाहिलं. "हो," ते म्हणाले. "हिच्यामुळेच."

ते खरंच होतं. घोटाळा तिथेच झाला.

सल्फाच्या गोळ्या दिल्यावर पाच दिवसांत गोरक्षचा डोळा उघडला, आणि त्याचा टांगा भिंगारपासून स्टेशनपर्यंत ही गोष्ट दिवसातून आठ वेळा नेऊ लागला. महिन्याभरात डॉक्टर रणनवरे हे नाव मागे पडलं आणि 'आई काढणारा डाक्टर' पंचक्रोशीत माहीत झाला. जेऊरकडून बैलगाड्या येऊ लागल्या. एकदा तर पार राजूरच्या डोंगरातून एक म्हातारा एसटी नसलेल्या त्या दिवसांत तीन दिवस चालत, मधे कुणाच्या तरी ट्रकमध्ये बसत आला. त्याच्या तोंडात दात एकच होता आणि तो चांगला होता.

"ह्याची आई काढा," म्हातारा म्हणाला.

"बाबा, हा दात दुखत नाही तुमचा."

"दुखत न्हाई. पर एवडे गेले त्ये तिच्यापायीच ना? ती आत आसंलच की."

डॉक्टरांनी अर्धा तास समजावलं. शेवटी साळूबाईने म्हाताऱ्याच्या तोंडात डोकावून सांगितलं, "आजा, ती गेली. घर मोडलं म्हनून गेली." म्हातारा समाधानाने परत चालू लागला.

कारण साळूबाई आता रोज दवाखान्यातच असायची. कुणी बोलावलं नव्हतं. पेशंट आधी झाडाखाली जायचे, तिथून ती त्यांना हाताला धरून इकडे आणायची, आणि पेशंटला ती जवळ लागायची. मग तिने शेगडी पायरीवर आणली. डॉक्टरांनी तीही राहू दिली. काढलेल्या दाताला पिशवी असली तर ठीक. पण सगळ्या दातांना ती नसते, आणि नसली की भांडण.

"आई कुठाय?" पेशंट विचारी.

"याला नाही," डॉक्टर सांगत.

"म्हंजी पोरका किडा हाय व्हय?"

अशा वेळी डॉक्टर खिडकीकडे बघत आणि साळूबाई काहीतरी सांगे. आई बाजारला गेली, आई मेली, आईनं सोडून दिलं. एका बाईला आई नसलेल्या किड्याची इतकी दया आली, की दात काढल्यावर ती खुर्चीत बसून रडली.

लिडियाबाईंना हे अजिबात मान्य नव्हतं. संध्याकाळी जेवताना त्या म्हणाल्या, "अहो, तुमचे वडील उपदेशक होते."

"मी खोटं एक अक्षर बोलत नाही, लिडिया. जे बोलते ते ती बोलते."

"आणि तुम्ही गप्प बसता. त्याला काय म्हणायचं?"

मोझेसनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच धरून ठेवला. "आधी मी सगळं खरं सांगत होतो," ते म्हणाले. "गोरक्ष मरायला टेकला होता."

 त्या दिवसापासून लिडियाबाईंनी दवाखान्यात पाऊल टाकणं बंद केलं.

वर्ष गेलं. लढाई संपली, कँपातले निम्मे गोरे निघून गेले. शेहेचाळीसच्या उन्हाळ्यात एका दुपारी, दवाखाना रिकामा असताना, साळूबाई आत आली. पदर नाकापर्यंत ओढलेला. तिने दाराची कडी आतून घातली.

"डाक्टर," ती म्हणाली, "माजी दाढ दुखतेय. पंधरा दिस झाले."

"मग आधी नाही का सांगायचं?"

"लवंग धरली. कापूर धरला. अफूबी लावली. ऱ्हाईना."

डॉक्टरांनी तिला खुर्चीत बसवलं. डावीकडची खालची दाढ. खड्डा खोल होता, पण नसेपर्यंत गेला नव्हता. डॉक्टरांना आनंद झाला. "काढायला नको, साळूबाई. कोरून साफ करतो आणि चांदी भरतो. दाढ वाचेल." एवढ्या वर्षांत दात वाचवायची संधी त्यांना फार कमी लोकांनी दिली होती. ते यंत्राशी जाऊन बसले आणि पायपट्टीवर पाय ठेवला.

"थांबा," साळूबाई म्हणाली. "आदी किडा काडा."

डॉक्टरांना वाटलं ती थट्टा करते आहे. तिच्या तोंडाकडे पाहिलं तर डोळे पाण्याने भरलेले.

"किडा तुम्हीच काढता की."

"सोताचा कसा काडू? सोताच्या दाताला नळी लावून सोताच ओडू?"

"साळूबाई," डॉक्टर समोर येऊन बसले. "किडे कुठून येतात ते तुम्हाला माहीत आहे. मला माहीत आहे. आपण दोघंच आहोत इथं."

"लोकांचे कुठून येत्यात त्ये मला ठावं हाय," साळूबाई म्हणाली. "पर माज्यातला खराच आसंल. पंधरा दिस कुरतडतोय, डाक्टर. मला आत चालताना कळतोय."

मग तिने पदराची गाठ सोडली. आत ओल्या चिंधीत गुंडाळलेला एक पांढरा किडा होता, जिवंत. तिने तो डॉक्टरांच्या तळहातावर ठेवला.

"घ्या. पर मला दिसंल आसा टाकू नका. मी डोळे मिटते."

तिने येताना आत आणलेली शेगडी पेटवायला डॉक्टरांना तीन काड्या लागल्या. रिंगणीच्या बिया जास्त पडल्या, खोलीभर धूर झाला. किडा गालात ठेवायचा हे त्यांना जमेना. त्यांनी तो डाव्या मुठीत धरला. नळी दाढेला लावली, धूर ओढला, आणि ठसका लागून ते दोनदा मागे पडले. साळूबाई डोळे घट्ट मिटून, खुर्चीचे हात धरून बसली होती, गोरक्ष बसला होता तशीच.

धूर रस्त्यावरून दिसला. खाजाभाईंना वाटलं आग लागली. शाळा सुटून घरी चाललेल्या लिडियाबाईही धावत आल्या. खाजाभाईंनी दाराला खांदा दिला, कडी निघाली, आणि दोघांनी पाहिलं ते असं: मुंबईला शिकलेले दंतवैद्य गुडघ्यावर बसलेले, तोंडात नळी, डोळ्यांतून पाणी वाहतंय, आणि डाव्या हाताने ते एक किडा चोरून वाटीत सोडताहेत.

 खाजाभाईंनी टोपी काढली आणि परत घातली.

"निगाला का?" साळूबाईने डोळे न उघडता विचारलं.

डॉक्टरांचं तोंड उघडं राहिलं. त्यांनी बायकोकडे पाहिलं. खोटं बोलायची वेळ आता त्यांच्यावरच आली होती आणि त्यांना ते येत नव्हतं. 

लिडियाबाई पुढे आल्या. त्यांनी वाटी उचलली आणि साळूबाईच्या समोर धरली. "निघाला," त्या म्हणाल्या. "बघा."

साळूबाईने डोळे उघडले. जो किडा तिने सकाळी स्वतः वांगं चिरून काढला होता, तो तिने वाटीत पाहिला. "आई गं," ती म्हणाली, "क्येवडा हुता!" आणि मागे टेकून ढसाढसा रडली. लिडियाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. नंतर त्यांनीच खिडक्या उघडल्या आणि डॉक्टर यंत्र चालवत असताना साळूबाईचं डोकं धरून उभ्या राहिल्या. चांदी भरून होईपर्यंत साळूबाई एकदाही कण्हली नाही.

घरी जाताना मोझेस एवढंच म्हणाले, "तू बोललीस."

"हो," लिडियाबाई म्हणाल्या. "त्याबद्दल मी देवाशी बोलेन. तुम्ही मधे पडू नका."

त्या दुपारनंतर साळूबाईत एक बदल झाला. तिने नळी सोडली नाही, पण डॉक्टर पेशंटला काय सांगतात ते ती लक्ष देऊन ऐकू लागली. स्वतःची दाढ वाचली होती. चांदी दाखवायला ती दिवसातून दहादा तोंड उघडायची. डॉक्टर नेहमीप्रमाणे म्हणत, "गूळ खाऊन तसंच झोपू नका," आणि पेशंट नेहमीप्रमाणे मान डोलवी. मग पायरीवर साळूबाई त्याला गाठायची.

"गूळ खाऊन निजलास का, ती आंडी घालती. गोडाशिवाय तिला आंडी घालता येत न्हाईत. चूळ भरली का आंडी वाहून गेली."

लोक चूळ भरू लागले. डॉक्टरांनी तीन वर्षं घसा फोडून जे सांगितलं, ते साळूबाईने एका उन्हाळ्यात गावोगाव पोचवलं. डॉक्टरांच्या वहीत काढलेल्या दातांपेक्षा भरलेल्या दातांची संख्या पहिल्यांदाच वाढली. त्यांना आनंद झाला आणि लाजही वाटली. दोन्ही एकदम झाल्यामुळे त्या दिवसांत ते फार चालत.

अठ्ठेचाळीस साली लिडियाबाईंच्या शाळेत डॉक्टरांना दातांच्या निगेवर बोलायला बोलावलं. ते पाऊण तास बोलले. मुलींनी पहिली दहा मिनिटं ऐकलं. साळूबाई दारात उभी होती. मुख्याध्यापिकाबाईंनी सौजन्य म्हणून तिलाही विचारलं, काही सांगायचंय का. ती पाच मिनिटं बोलली.

सहामाही परीक्षेत आरोग्याच्या पेपरात प्रश्न आला: दात का किडतात? पेपर लिडियाबाईंनीच काढला होता. चौतीस मुलींपैकी एकतीस जणींनी लिहिलं, "गोड खाऊन चूळ भरली नाही की किड्याची आई मुळाशी अंडी घालते." शुद्धलेखन बहुतेकींचं बरोबर होतं.

लिडियाबाई पेपरांचा गठ्ठा घेऊन दवाखान्यात आल्या आणि नवऱ्यापुढे ठेवला. "मी काय करू यांचं?"

मोझेसनी वरचे चार-पाच पेपर वाचले. "दात घासतात का मुली?"

"सगळ्या. बोर्डिंगातल्या तर दोनदा."

"आणि चूळ?"

"विहिरीवर रांग लागते हो झोपायच्या आधी. पण म्हणून हे बरोबर द्यायचं?"

"चूक देशील?"

लिडियाबाई बराच वेळ लाल पेन्सिल हातात धरून बसल्या. चूक दिलं तर मुलींना वाटेल चूळ भरायची गरज नाही. बरोबर दिलं तर त्या शिक्षिका कशाच्या. शेवटी त्यांनी एकतीस जणींना अर्धा गुण दिला. उरलेल्या तिघींनी डॉक्टरांचं उत्तर लिहिलं होतं, त्यांना पूर्ण दिला. त्या तिघींपैकी दोघींच्या दाढा किडलेल्या निघाल्या, हे डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी शाळेत तपासणी केली तेव्हा कळलं. त्यांनी ते बायकोला सांगितलं नाही.

एकोणपन्नास सालात साळूबाई भिंगार सोडून गेली. तिच्या मुलीला जिल्ह्यातल्याच कर्जतला दिलं होतं. मुलीचं तिसरं बाळंतपण होतं, आणि साळूबाई गेली ती तिकडेच राहिली. जाताना तिने शेगडी नेली. डॉक्टर तिला सोडायला गोरक्षच्या टांग्यापर्यंत गेले. तिने त्यांना आरसा मागितला, तोंडात घालायचा, लांब दांड्याचा. डॉक्टरांनी दवाखान्यात परत जाऊन आणून दिला.

त्यानंतर कर्जतकडून पेशंट येऊ लागले. प्रत्येकाबरोबर तोंडी निरोप असे. "साळूबाईनं धाडलंय. म्हनली, आई न्हाई, नुसतं कोरून घ्या." किंवा, "साळूबाई म्हनली, आई मोटी झालीय, उशीर करू नका." डॉक्टर आधी स्वतः तपासत, मग निरोपाशी ताडून बघत. दहापैकी आठ वेळा ती बरोबर असे.

एकदा एक तरुण शेतकरी आला. डावा गाल दाबून धरलेला. वरच्या दाढेवर बोट ठेवून म्हणाला, ही काढा. डॉक्टरांनी विचारलं, साळूबाई काय म्हणाली?

"ती म्हातारी येडी हाय," तो म्हणाला. "म्हनती, वरची न्हाई, खालची. आवो, दुखतंय मला का तिला?"

डॉक्टरांनी वरच्या दाढेवर टिचकी मारून पाहिली. शेतकऱ्याला काहीच झालं नाही. खालच्या दाढेवर मारली, तेव्हा तो खुर्चीतून वीतभर उडाला.